न बांधलेल्या नाट्यगृहाचे बावीस कागद: कोल्हापुरातील कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आमच्या वास्तुरचनेच्या दिवंगत सरांच्या घरचा माळा रिकामा करताना काकूंना पत्र्याच्या चार नळ्या सापडल्या आणि त्यांनी मला नागाळा पार्कात बोलावून घेतले. २०१९ च्या महापुरात घराच्या तळमजल्यावर पाणी आले होते. तेव्हा यांपैकी दोन नळ्यांची बुडे भिजली आणि पुढे कोणीतरी त्या तशाच माळ्यावर चढवून ठेवल्या. आत एकूण ६१ कागद आहेत. सरांनी वेगवेगळ्या काळात पाच वास्तुरचना स्पर्धांत प्रवेशिका पाठवल्या होत्या, त्यांचे हे कागद असून त्या पाचांपैकी एकही इमारत बांधली गेली नाही.

सगळे काम एकदम अंगावर घेण्यापेक्षा एकच स्पर्धा निवडायची असे ठरवले. निवड ऐंशीच्या दशकातील एका नाट्यगृहाच्या स्पर्धेची केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हापासून नाट्यगृहाच्या नकाशाकडे आम्हा कोल्हापूरकरांना निव्वळ कागद म्हणून पाहता येत नाही. या निवडीला तेवढे कारण पुरेसे होते.

या संचात प्रथमदर्शनी २३ कागद आहेत: १४ ट्रेसिंग (पारदर्शक कागदावर शाईने काढलेले मूळ नकाशे), ६ अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून काढलेल्या निळ्या रेषांच्या प्रती) आणि जाड कार्ट्रिज कागदावरील ३ रंगीत चित्रे. कागद सपाट करणे, त्यांची छायाचित्रे घेणे, संगणकावर मोजून रेखाटणे आणि १:१०० प्रमाणात मॉडेल करणे एवढा बेत आहे. अंदाज १२,००० रुपयांचा आणि सहा रविवारांचा धरला आहे.

१९ जानेवारी

पहिल्याच दिवशी नुकसान झाले. सातव्या क्रमांकाचे ट्रेसिंग मी नळीतून टोक धरून ओढले आणि ते जुन्या घडीवर अकरा इंच फाटले. चाळीस वर्षे गुंडाळून राहिलेला ट्रेसिंग कागद जानेवारीच्या कोरड्या हवेत पापडासारखा कडकडीत होतो. नळी कापावी लागली तरी चालेल, पण कागद ओढू नये. त्यानंतरच्या तिन्ही नळ्या पत्रा कापायच्या कात्रीने उभ्या चिरल्या आणि त्यांतून एकही कागद फाटला नाही.

२६ जानेवारी

कागद उलगडण्याआधी त्याला थोडा ओलावा द्यावा लागतो. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक खोक्यात तळाशी पिळलेले ओले टॉवेल, त्यावर प्लास्टिकची जाळी आणि जाळीवर सैल गुंडाळ्या अशी रचना केली. पहिल्या वेळी खोके रात्रभर बंद ठेवले, त्यात दोन चुका झाल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरून थेंब खाली पडले आणि ट्रेसिंग इतके फुगले की वाळताना त्याला लाटा आल्या. दुसऱ्या वेळी झाकणाखाली कोरडे सुती कापड ताणून बांधले आणि पाच तासांतच गुंडाळ्या बाहेर काढल्या. मग दोन टीपकागदांमध्ये घालून, वर प्लायवूड आणि त्यावर विटा ठेवून, टीपकागद बदलत तीन दिवस दाबून ठेवल्या. हे जमले.

रोटरिंगच्या पेनातील काळ्या शाईला या ओलाव्याने काही झाले नाही. रंगीत चित्रे मात्र खोक्यात घातली नाहीत, कारण जलरंग पसरण्याची भीती होती. ती नुसती वजनाखाली ठेवली आहेत आणि महिना गेला तरी हरकत नाही.

२ फेब्रुवारी

सपाट झाल्याच्या आनंदात मी दोन ट्रेसिंग त्याच दिवशी मोजायला घेतले आणि तो सगळा दिवस वाया गेला. कागदावर जी रेषा ८०० मिलिमीटर असायला हवी ती ८०७ भरत होती, आडव्या दिशेची वाढ मात्र जेमतेम दोन मिलिमीटर होती. ट्रेसिंग कागद हवेतील ओलावा भराभर शोषतो आणि एका दिशेला जास्त वाढतो. हे पुस्तकात वाचलेले होते, पण त्याचा अर्थ मोजपट्टी हातात धरल्यावर कळला. आठवडाभर खोलीतल्या हवेत राहू दिल्यावर तीच रेषा ८०१ झाली. तेव्हापासून प्रत्येक कागदावर आधी सरांनी काढलेली प्रमाणपट्टी उभी आणि आडवी दोन्हीकडे मोजायची आणि तो फरक वहीत लिहायचा असा नियम केला.

९ फेब्रुवारी

आज फाटलेले सातवे ट्रेसिंग जोडले. ओळखीच्या एका बाइंडरने मैद्याच्या खळीत मोरचूद घालण्याचा सल्ला दिला. वह्या बांधताना किडीसाठी तसे करतात. मोरचूद म्हणजे तांब्याचे मीठ आणि तांबे कागदाचा धागा हळूहळू खाते, म्हणून तो घातला नाही. नुसत्या गव्हाच्या सत्त्वाची खळ केली, ती पातळ जपानी कागदाच्या पट्टीला लावली आणि पट्टी जवळजवळ सुकू दिल्यावर मगच चिकटवली. ओल्या खळीने ट्रेसिंग लगेच फुगून सुरकुततो. माझा पहिला तुकडा तसाच वाया गेला.

कागदांवरच्या जुन्या सेलोटेपच्या बाबतीत मी जास्त शहाणपणा केला. पिवळा पडलेला डिंक काढण्यासाठी बोळ्यावर थिनर घेतले. डिंक निघाला, पण त्याच्या शेजारचे शीर्षक लेट्रासेटच्या, म्हणजे घासून कागदावर उतरवायच्या, अक्षरांचे होते आणि ‘पहिला मजला’ यातील ‘पहिला’ बोळ्यावर उतरला. बाकीचे सेलोटेप जसेच्या तसे ठेवले आहेत.

१६ फेब्रुवारी

कागद ओळखण्याचे काम अपेक्षेपेक्षा कठीण निघाले, कारण एकाही कागदावर सरांचे नाव नाही. स्पर्धेत परीक्षकांना स्पर्धक कळू नये म्हणून नाव बंद पाकिटात द्यायचे आणि नकाशावर फक्त कूटक्रमांक लिहायचा, अशी पद्धत असते. निकालापुरती ती योग्यच आहे, पण चाळीस वर्षांनंतर माळ्यावर सापडलेल्या कागदाला तिच्यामुळे ना बाप राहतो ना गाव. शिकागो ट्रिब्यूनच्या १९२२ च्या स्पर्धेचे नशीब मोठे होते. तिथे २६३ प्रवेशिका आल्या, हॉवेल्स आणि हूड यांचा मनोरा बांधला गेला, तरी वर्तमानपत्राने १९२३ मध्ये हरलेल्यांचीही रेखाचित्रे ग्रंथरूपाने छापली. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा एलिएल सारिनेन यांचा मनोरा आणि आडोल्फ लोस यांचा प्रचंड खांब आज कुठल्याही विद्यार्थ्याला पाहता येतो. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत हरलेला कागद स्पर्धकाच्या घरीच राहतो, तोही पाठवलेली प्रत नसून घरी ठेवलेले मूळ ट्रेसिंग असते.

कोपऱ्यातील कूटक्रमांक, उत्तर दिशेची खूण आणि भूखंडाच्या हद्दीचा आकार या तिघांच्या आधारे कागद वेगळे केले. तरीही एक चूक झालीच. एकोणिसाव्या क्रमांकाच्या अमोनिया प्रिंटचा कोपरा फाटला होता. सभागृहासारखी मोठी मोकळी जागा दिसते एवढ्यावर मी तो नाट्यगृहाचा धरला. पुढे खांबांमधील अंतर मोजले तेव्हा ते ६ मीटर निघाले, तर नाट्यगृहात ते सर्वत्र ७.२ मीटर आहे. तो कागद सरांच्या ग्रंथालयाच्या स्पर्धेतील वाचनकक्षाचा होता. म्हणून नाट्यगृहाचे कागद २३ नसून २२ आहेत. आधी खांब मोजावेत आणि मग जागेचे नाव ठरवावे.

२ मार्च

शाहूपुरीतील एका दुकानात मोठा रोलर स्कॅनर आहे. एका ए-वन आकाराच्या कागदाला २१० रुपये पडले. तिसरा कागद आत जाताना कडेला अडकला, मालकाने तत्परतेने यंत्र थांबवले म्हणून तो वाचला. दोष यंत्राचा नव्हता, इतका जुना कागद रोलरमध्ये घालण्याचा निर्णय माझा होता. ६३० रुपये देऊन बाकीचे कागद परत आणले.

१५ आणि १६ मार्च

भाड्याने कॅमेरा आणला आणि घरच्या हॉलमध्ये छायाचित्रे घेतली. ट्रेसिंगखाली स्वच्छ पांढरा कागद हवा, नाहीतर टेबलाच्या लाकडाच्या शिरा रेषांमधून डोकावतात. वर काच ठेवली तर छताची ट्यूबलाइट त्यात लख्ख दिसते. पहिल्या दिवसाची सगळी छायाचित्रे याच कारणाने टाकून दिली. दुसऱ्या दिवशी ट्यूब बंद करून, खिडक्यांना चादरी लावून, दोन्ही बाजूंना तिरपे दिवे ठेवले. प्रत्येक कागदाचे चार तुकड्यांत, कडा एकमेकांवर येतील असे छायाचित्र घेतले आणि प्रत्येक चौकटीत एक उभी व एक आडवी स्टीलची पट्टी ठेवली. त्या पट्ट्यांमुळे संगणकावर चित्र सरळ करणे सोपे गेले.

वेळ वाचवण्यासाठी अमोनिया प्रिंटची छायाचित्रे घेतली नाहीत. मूळ ट्रेसिंग हातात असताना त्यांच्या फिकट प्रती कशाला, असा विचार केला. या निर्णयाची किंमत पुढे मोजली.

६ एप्रिल

प्लॅन (वरून पाहिलेला नकाशा) आणि सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसणारा नकाशा) संगणकावर रेखाटून एकमेकांवर ठेवले आणि काम थांबले. प्रवेशदालनातून बाल्कनीच्या फॉयरकडे, म्हणजे बाल्कनीबाहेरच्या दालनाकडे, जाणारा मुख्य जिना वर पोहोचतच नाही.

हिशेब साधा आहे. सेक्शनमध्ये फॉयरची पातळी प्रवेशदालनाच्या ४.२ मीटर वर आहे. प्लॅनमध्ये जिन्याजवळ सरांच्या अक्षरात १५० × ३०० असे लिहिले आहे, म्हणजे पायरीची उंची १५० आणि रुंदी ३०० मिलिमीटर. सार्वजनिक सभागृहाच्या जिन्याला राष्ट्रीय इमारत संहितेची मर्यादाही तीच आहे. ४.२ मीटर चढायला अशा २८ उंच्या लागतात, तर प्लॅनमध्ये १८ पावठे (पाय ठेवायच्या सपाट जागा) काढले आहेत, म्हणजे मजल्यावर नेणारी शेवटची उंची धरून उंच्या १९ च भरतात. १९ गुणिले १५० म्हणजे २.८५ मीटर. प्रेक्षक जिन्याच्या टोकाला उभा राहिला तर फॉयरची फरशी त्याच्या पायांच्या १.३५ मीटर वर, साधारण छातीशी येते.

सरांनी आम्हाला दुसऱ्या वर्षाला जिना शिकवला होता आणि एक पायरी चुकली तरी कागद परत करायचे. त्यामुळे दिवसभर मी माझेच मोजमाप तपासत बसले.

१३ एप्रिल

जिन्याच्या शोधात बाकीच्या गोष्टीही दिसल्या, त्या थोडक्यात नोंदवते. सेक्शनची रेषा प्रेक्षागृहात मध्येच एक वळण घेते आणि त्या वळणामुळे बाल्कनीखालचा एक खांब सेक्शनमध्ये येत नाही. प्लॅनमध्ये तो खांब खुर्च्यांच्या रांगेत स्पष्ट उभा आहे.

रंगीत दृश्यचित्र उलटे सोडवून पाहिले. ज्या बिंदूवरून इमारत तशी दिसेल तो बिंदू भूखंडाच्या हद्दीबाहेर, समोरच्या गोदामाच्या आत पडतो आणि क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, जमिनीपासून साडेपाच मीटरवर येते. परीक्षकांना दाखवलेले ते दृश्य इमारत उभी राहिली असती तरी कोणाही माणसाच्या डोळ्यांना दिसले नसते. याला मी फसवणूक म्हणणार नाही. स्पर्धेचा कागद गवंड्यासाठी काढलेला नसतो, तो काही मिनिटांत पुढच्या कागदाकडे वळणाऱ्या परीक्षकांसाठी असतो आणि त्यात काय दाखवायचे याची निवड स्पर्धक करतो. जिन्याची गोष्ट मात्र निवडीची वाटली नाही. तिने कोणाचाच फायदा होत नव्हता.

२० एप्रिल

सेक्शनचे मूळ ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर धरले. फॉयरच्या फरशीच्या खाली एक पट्टा बाकीच्या कागदापेक्षा जास्त पारदर्शक आणि खरखरीत आहे. ट्रेसिंगवरची शाई खोडायला ब्लेडने खरवडतात, त्याचीच ही खूण. ती छायाचित्रात अजिबात दिसली नव्हती, कारण मागे पांढरा कागद होता. यापुढे प्रत्येक ट्रेसिंगचे एक छायाचित्र मागून उजेड देऊनही घ्यायचे ठरवले आहे.

मग मार्चमध्ये वगळलेल्या अमोनिया प्रिंटची आठवण झाली. सोळाव्या क्रमांकाचा प्रिंट याच सेक्शनचा निघाला. उजेडाने त्याच्या निळ्या रेषा इतक्या उडाल्या आहेत की नुसत्या डोळ्यांना पिवळट कागदच दिसतो. भाड्याचा कॅमेरा परत गेला होता, म्हणून मोबाइलनेच छायाचित्र घेतले आणि संगणकावर त्यातील फक्त लाल रंगाची बाजू वेगळी काढली. पिवळा कागद त्यात पांढरा होतो आणि निळी रेषा काळी. फॉयरची फरशी प्रवेशदालनाच्या २.८५ मीटर वर उमटली.

म्हणजे प्लॅन आणि सेक्शन एके काळी एकमेकांशी जुळत होते. स्लॅब आणि तुळई वजा केली तर २.८५ मीटरमध्ये खालच्या दालनाला सव्वादोन मीटरच्या आसपास उंची उरते. नाट्यगृहाच्या प्रवेशदालनाला ती घुसमटवणारी आहे. सरांना हे उशिरा जाणवले असावे. त्यांनी सेक्शन खरवडून मजला उचलला आणि प्लॅन पुन्हा शाईत काढायला वेळ उरला नाही. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “कुठली स्पर्धा ते मला नाही सांगता यायचं गं. पण एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसला निघाले, ते प्रिंटवाल्याकडून थेट स्टेशनवर. जेवलेसुद्धा नाहीत. अमोनियाचा वास अंगाला होता.” ती हीच स्पर्धा होती असे मी लिहिणार नाही.

१८ मे

इतके कळूनही मॉडेल करताना मी जिना दुरुस्त केला. २८ उंच्या, २७ पावठे, लांबी ५.४ मीटरऐवजी ८.१ मीटर. वाढलेल्या २.७ मीटरमध्ये तिकीट खिडकी गेली. मग खिडकी डावीकडे सरकवली, त्यासाठी व्यवस्थापकाची खोली लहान केली आणि खोलीचे दार फिरवले. फाइल उद्यमनगरात लेसर कटिंगला दिली, ३,४०० रुपये झाले.

तुकडे घरी आणून जोडायला बसले तर एकही खाच घट्ट बसेना. लेसरची किरणरेषा कापताना सुमारे ०.२ मिलिमीटर जागा जाळते, हे मी धरले नव्हते. त्यात ३ मिलिमीटर म्हणून घेतलेला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला तक्ता) प्रत्यक्षात २.७ भरला. सगळ्या भिंती लटपटत होत्या. आधी पाच-सहा वेगवेगळ्या मापांच्या खाचांची एक पट्टी कापून पाहिली असती तर शंभर रुपयांत भागले असते.

पण तुकडे बसले असते तर मी तेच मॉडेल पूर्ण केले असते आणि त्यावर सरांचे नाव लिहिले असते. ते तिकीट खिडकीचे नाट्यगृह सरांचे नव्हते, माझे होते. पुन्हा कापावेच लागणार म्हटल्यावर जिन्याचा विचारही पुन्हा करता आला.

८ जून

दुसऱ्यांदा कापून आणले, चाचणीच्या पट्टीसह ३,६५० रुपये. या वेळी शेवटच्या अधिकृत कागदांत जे आहे तेवढेच आहे: जिना प्लॅनप्रमाणे १९ उंच्यांचा, फॉयर सेक्शनप्रमाणे ४.२ मीटरवर. मॉडेलमध्ये जिन्याचे टोक आणि फॉयरची फरशी यांच्यात साडेतेरा मिलिमीटरची फट राहते. बाल्कनीखालचा खांबही उभा केला आहे. छताचा उतार कोणत्याच कागदावर पूर्ण दिलेला नाही, म्हणून मॉडेलला छप्पर नाही.

हा मार्ग प्रत्येक वेळी बरोबर असेल असे नाही. विद्यार्थ्यांना इमारत समजावून सांगायची असेल तर दुरुस्त मॉडेल सोयीचे ठरेल, मात्र काय बदलले ते त्यावर लिहिलेले असावे.

२२ जून

पाऊस लागला आणि ग्रे बोर्डच्या भिंतींनी पोट काढले. बोर्डच्या एकाच बाजूला फेविकॉल आणि कागद लावला होता, दुसरी बाजू उघडी होती. दोन्ही बाजूंना कागद लावून वजनाखाली ठेवल्यावर बहुतेक सरळ झाल्या, दोन भिंती नव्याने कापल्या. हे काम मार्च ते मे याच काळात संपवायला हवे होते. फेब्रुवारीतल्या चुकांनी ते पावसाळ्यात ढकलले.

ट्रेसिंग आता गुंडाळलेले नाहीत. आम्लरहित कागदात घालून सपाट खोक्यांत ठेवले आहेत. तो कागद मला कोल्हापुरात मिळाला नाही, पुण्याहून मागवला. अमोनिया प्रिंट वेगळ्या खोक्यात आहेत, कारण त्यांतील रसायन शेजारच्या कागदाला डागाळते. खोकी काकूंच्या घरी परत न नेता त्यांच्या संमतीने माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर ठेवली आहेत. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे पाठ असलेल्या गावात कागदाची जागा तळमजल्यावर असू नये.

२९ जून

खर्च असा झाला: स्कॅनिंग ६३०, टीपकागद व खोके १,१५०, कॅमेऱ्याचे दोन दिवसांचे भाडे ३,०००, काच ९००, जपानी कागद ८५०, लेसर कटिंग दोन वेळा मिळून ७,०५०, एमडीएफ व बोर्ड १,८००, साठवणीची खोकी व कागद ४,२००, किरकोळ १,१००. एकूण २०,६८० रुपये. सहा रविवारांचे साडेपाच महिने झाले.

काकूंनी मॉडेल पाहिले. फटीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “हे इथं तुटलंय का गं?” मी सोळाव्या प्रिंटची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ जिन्याकडे वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “चिठ्ठी लाव तिथं. नाहीतर कुणीतरी चिकटवून टाकेल.”

चिठ्ठी लावली आहे: ‘जिना आणि फॉयर मूळ कागदांप्रमाणे. जिन्याची उंची २.८५ मीटर, फॉयरची ४.२ मीटर. पाहा: ट्रेसिंग क्रमांक ७ व ११, प्रिंट क्रमांक १६.’

उरलेले ३९ कागद पाऊस संपेपर्यंत उघडणार नाही. नोव्हेंबरमध्ये ग्रंथालयापासून सुरुवात करायची आहे. एकोणिसावा प्रिंट त्याच्या खोक्यात ठेवला आहे आणि या वेळी प्रिंटची छायाचित्रे आधी घेणार आहे.